पिकल्या फळांची सावली

मदिनेच्या पूर्वेला आणि पश्चिमेला काळ्या दगडाचं रान आहे. अरबीत त्याला हर्रा म्हणतात. कधीकाळी जमिनीच्या पोटातून लाव्हा वर आला, वाहिला, थंड होऊन जागच्या जागी तडकला आणि त्याचे टोकदार तुकडे मैलोगणती पडून राहिले. या भागातला शेवटचा मोठा उद्रेक 1256 सालचा; लाव्हा शहराच्या रोखाने आला आणि अलीकडे थांबला. हा दगड आणि आपल्या सह्याद्रीचा दगड जातीने एकच. पण सह्याद्रीवर पाऊस कोसळतो आणि त्या दगडाची माती होते, मातीवर कारवी फुलते. तिथे दगड दगडच राहतो. दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते ओकत बसतो.

या दोन काळ्या रानांच्या मधल्या सपाटीत विहिरी आहेत, आणि विहिरींच्या भोवती खजुरीच्या बागा. खजुरीची सावली आंब्यासारखी दाट नसते. पात्यांतून ऊन झिरपतं, जमिनीवर जाळी पडते आणि वारा आला की जाळी हलते. तरीही उघड्या दगडावरून चालत आलेल्या माणसाला त्या जाळीत शिरल्यावर काय वाटत असेल, याची कल्पना मे महिन्यात कातळावरून अनवाणी चाललेल्या कोकणी माणसाला करता येईल. तिथे सावलीला मालक असतो. ती भिंत घालून राखलेली असते.

तौबेची, म्हणजे चूक कबूल करून परत फिरण्याची, जी गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते ती या सावलीत सुरू होते.

हिजरी सन 9, म्हणजे 630. रोमी फौजा उत्तरेकडे जमत असल्याची खबर होती आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांनी तबूकच्या मोहिमेची हाक दिली. एरवी मोहिमेचा रोख ते उघड करत नसत. या खेपेला वाट इतकी लांबची आणि ऊन इतकं कडक होतं, की लोकांना नीट तयारी करता यावी म्हणून त्यांनी आधीच सांगून टाकलं. कअब बिन मालिक हा मदिनेचाच माणूस, अन्सारांपैकी, आणि कवी. पैगंबरांच्या बाजूने शब्द चालवणारे जे तिघे कवी प्रसिद्ध झाले त्यांत हस्सान बिन साबित, अब्दुल्लाह बिन रवाहा आणि हा. हिजरतीच्या आधी मक्केजवळ अकबाच्या घाटीत रात्री ज्यांनी पैगंबरांच्या हातात हात दिला, त्यांतही तो होता. तबूकच्या वेळी त्याची प्रकृती ठणठणीत होती, गाठीला पैसा होता, आणि जन्मात पहिल्यांदाच दारात दोन उंट होते. न जाण्याला काही कारणच नव्हतं.

पण फळं पिकली होती आणि सावली गोड लागत होती. म्हातारपणी दृष्टी गेल्यावर कअबनं ही सगळी हकीकत आपल्या मुलाला सांगितली. बापाला हाताला धरून नेणारा तो मुलगा, अब्दुल्लाह. बुखारीच्या हदीससंग्रहात ती हकीकत आली आहे, चांगली लांबलचक, आणि तिच्यात कअबनं स्वतःला कुठेही झाकलेलं नाही. रोज सकाळी तयारीला म्हणून बाहेर पडायचो आणि काहीच न करता परत यायचो, म्हणतो. मनाशी म्हणायचो, त्यात काय, मनात आणलं की निघू. फौज निघाली तेव्हा म्हणाला, एक-दोन दिवसांत गाठतो. मग तेही राहिलं. चोरी नाही, खून नाही, कुणाशी दगाफटका नाही. एक बरा माणूस झाडाखालून उठायला कंटाळला, इतकंच घडलं. ही कबुली देताना त्या आंधळ्या म्हाताऱ्याला इतक्या वर्षांपूर्वीची सावली आठवत होती आणि ती गोड होती हेही तो लपवत नव्हता. सावलीला त्यानं एका शब्दानं दोष दिलेला नाही.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती चादरीच्या पडद्याआड बसून.

आमचं गाव खाडीकाठचं. मशीद जांभ्याची, वर मंगळुरी कौलं, मागच्या अंगाला हौद आणि हौदावर वाकलेलं उंडीचं झाड. त्यापलीकडे कांदळ आणि चिखल, आणि दिवसातून दोनदा पाणी. रमजानच्या वीस तारखेला सूर्य मावळायच्या आत गावातलं कुणीतरी एतेकाफला बसायचं. मशिदीच्या कोपऱ्यात दोन खिळ्यांना दोरी बांधून जुनी चादर टांगली, की ती झाली त्या माणसाची खोली. आत वळकटी, तांब्या, तसबीह, रहालवर कुराण. ईदचा चंद्र दिसेपर्यंत, नऊ किंवा दहा दिवस, त्यानं मशिदीचा उंबरा ओलांडायचा नाही. नैसर्गिक गरजेपुरतं बाहेर जायचं, तेवढंच. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला रमजान मे-जूनमध्ये यायचा. त्यांतल्या एका वर्षी माझे नाना बसले होते आणि संध्याकाळचा इफ्तारीचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे होतं.

ते दिवस फणसाचे. सगळ्या गावाला पिकल्या बरक्याचा वास. हवा अशी जड, की उंडीचं पानही हलत नसे. अंधार पडला की हौदापलीकडच्या झाडांवर काजवे लागत, आधी चार-दोन, मग अख्खं झाड विझायचं आणि पेटायचं. तरावीहची नमाज चाललेली असताना माझं लक्ष खिडकीबाहेर असे. पण नाना म्हणायचे की खरी वेळ ही नव्हे. खरी वेळ पहाटेची, बांगेच्या आधीची. वटवाघळं वडावर परतलेली असतात, कोंबडं अजून आरवलेलं नसतं, आणि दयाळ पहिली शीळ घालतो. रात्रीच्या या शेवटच्या प्रहराला अरबीत सहर म्हणतात. आपण त्या वेळी जेवतो म्हणून ती सहरी, एवढंच पोरांना ठाऊक असतं. कुराणात मात्र सहरच्या वेळी क्षमा मागणाऱ्यांचं कौतुक आहे. नानांचं म्हणणं, त्या वेळी माणसाला खोटं बोलायला कुणी समोर नसतं. मी विचारलं, मग खरं कुणाशी बोलायचं? ते हसले आणि डब्यातला खजूर माझ्या हातावर ठेवला.

नाना बोलणारे नव्हते. पण एतेकाफात त्यांना बोलावंसं वाटायचं. इफ्तारनंतर मगरिबची नमाज होई, आणि मग इशाच्या बांगेपर्यंत ते मला पडद्याआड बसवून कअबची गोष्ट थोडी थोडी सांगत. एकदम संपवत नसत.

तबूकहून फौज परतली. पैगंबर मशिदीत आले, दोन रकात नमाज पढून लोकांसमोर बसले. मागे राहिलेले ऐंशीच्या वर लोक एकेक करून पुढे झाले. प्रत्येकानं काहीतरी सबब सांगितली, शपथ घेतली. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, त्यांच्यासाठी क्षमा मागितली आणि त्यांच्या मनात काय होतं ते अल्लाहवर सोडलं. कअब पुढे आला तेव्हा ते हसले, पण रागावलेला माणूस हसतो तसं. कअब बोलण्यात पटाईत. दुसरा कुणी समोर असता तर त्यानं शब्दांत गुंडाळून वेळ मारून नेली असती, हे तो स्वतःच सांगतो. पण त्या दिवशी त्यानं खरं सांगितलं. माझ्याकडे काही सबब नाही, आणि मागे राहिलो तेव्हाइतका मी कधी धडधाकटही नव्हतो. त्याच्यासारखे आणखी दोघे निघाले, मुरारा बिन रबीअ आणि हिलाल बिन उमय्या. तिघांनी खरं सांगितलं. निकाल येईपर्यंत या तिघांशी कुणी बोलायचं नाही, असा हुकूम झाला.

ज्यांनी खोटं सांगितलं ते घरी गेले, जेवले, झोपले. ज्यांनी खरं सांगितलं त्यांच्यावर गाव बंद झालं. मी लहान होतो तेव्हा मला हा सरळ सरळ अन्याय वाटला होता आणि तसं मी नानांना म्हटलंही. त्यांनी उत्तर दिलं नाही. आता वाटतं, झाडावर फळ राहतं ते पिकायचं म्हणूनच राहतं. पण हे आताचं शहाणपण. तेव्हा मला रागच आला होता.

एकांत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर येतो, गुहा येते. इस्लामची तर सुरुवातच गुहेतून आहे. मक्केच्या ईशान्येला जबल-ए-नूर, उघडाबोडका खडक, उंटाच्या वशिंडासारखा वर काढलेला. त्याच्या माथ्याजवळची हिराची गुहा इतकी लहान, की चार-पाच माणसं दाटीवाटीने बसतील. चाळिशीच्या उंबरठ्यावर मुहम्मद (स.) तिथे एकटे जात, रात्रीच्या रात्री काढत, शिदोरी संपली की खाली खदीजांकडे येत आणि पुन्हा शिदोरी घेऊन वर जात. एकांताची त्यांना गोडी लावली गेली, असं हजरत आयेशांनी सांगितलेल्या हदीसमध्ये आहे. 610 च्या रमजानमध्ये पहिली वाणी तिथेच उतरली. आणि ते तिथे थांबले नाहीत. थरथरत डोंगर उतरून घरी आले आणि मला पांघरूण घाला म्हणाले. खदीजांनी पांघरूण घातलं आणि धीर दिला.

आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. पुढे मदिनेत त्यांनी रमजानचे शेवटचे दहा दिवस एतेकाफ केला, तो मशिदीत. खजुरीच्या खोडांचे खांब, वर झावळ्या, पाऊस आला की खाली चिखल. लोक जातायत, येतायत, नमाजा होतायत, आणि त्यातच एका कोपऱ्यात एकटं बसायचं. गुहेची जागा चादरीच्या पडद्यानं घेतली. पुढे नक्शबंदी सूफींनी याला नावच दिलं, खल्वत दर अंजुमन, म्हणजे मैफलीतला एकांत. नानांना हे फारसी नाव माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. त्यांच्या पडद्यापलीकडे पोरं हौदात पाय बुडवून दंगा करत आणि नाना आत तसबीह ओढत बसलेले असत.

तेव्हा कअबचा एकांत हा असला. डोंगर नाही, गुहा नाही. भर वस्तीतला, भर बाजारातला. बाकीचे दोघे घराची दारं लावून रडत बसले. कअब वयानं लहान आणि धट्टाकट्टा, तो नमाजेला जायचा, बाजारात फिरायचा. सलाम करायचा आणि समोरच्याचे ओठ हलतात का ते पाहायचा. पैगंबरांच्या जवळपास उभा राहून नमाज पढायचा आणि चोरून त्यांच्याकडे बघायचा. तो नमाजेत गुंतला की ते त्याच्याकडे पाहत. त्यानं मान वळवली की ते नजर काढून घेत.

ही नजर मला या सगळ्या हकीकतीचं काळीज वाटते. ज्यांनी शिक्षा दिली त्यांचेच डोळे त्याच्या पाठीवर आहेत आणि ते त्याला कळतंही आहे. आपलं लक्ष नसताना आपल्याकडे कुणीतरी पाहतंय, एवढ्या आधारावर त्या माणसानं दिवस काढले. तौबा या शब्दाचा मूळ अर्थ परतणं. नुसतं रडणं नाही, कान पकडणंही नाही; पाठ फिरवली होती, आता तोंड फिरवायचं. आणि त्याच धातूपासून अल्लाहचं एक नाव आहे, तव्वाब, पुन्हा पुन्हा परतणारा. कुराणाच्या नवव्या सूरेचं नावच तौबा. तिच्यात या तिघांविषयी जे आलं आहे त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे: आधी तो त्यांच्याकडे वळला, यासाठी की ते वळावेत. म्हणजे परत येणाऱ्याच्या आधी ज्याच्याकडे यायचं तोच निघालेला असतो.

मग बागेची भिंत. दिवस लांबत चालले तसा कअब एकदा आपल्या चुलत भावाच्या, अबू कतादाच्या, बागेची भिंत चढून आत गेला. सगळ्यांत लाडका भाऊ. सलाम केला. उत्तर नाही. त्यानं अल्लाहची आण घालून विचारलं, माझं अल्लाह-रसूलवर प्रेम आहे हे तुला ठाऊक नाही का? गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. तिसऱ्यांदा विचारल्यावर एवढंच उत्तर आलं की ते अल्लाह आणि त्याचा रसूल जाणे. कअबचे डोळे भरले. आला तसा भिंत चढून तो परत गेला.

हे सांगताना नाना थांबले. पुढे काय झालं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, उद्या. आणि तांब्या उचलून हौदाकडे गेले.

इथे आमच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. नानांचे धाकटे भाऊ शेजारीच राहत. दोन्ही परड्यांच्या मध्ये जांभ्याचा गडगा होता, जुना, पावसापाण्यानं ढासळलेला. नानांनी तो नव्यानं घालून घेतला तेव्हा दोरी दोन हात पलीकडे गेली. गेली की नेली, हे पोरांना कोण सांगणार. पण त्या दोन हातांत एक बरका फणस आमच्या बाजूला आला आणि दोन सख्ख्या भावांचा अबोला सुरू झाला. मुसलमानानं आपल्या भावाशी तीन रात्रींहून जास्त अबोला धरू नये, अशी हदीस आहे, आणि जुम्म्याच्या खुतब्यात दोघांनी ती शेजारी बसून ऐकलेली असणार. त्यांचा अबोला मला कळायला लागल्यापासून होता. वीतभर जमीन जरी कुणी अन्यायानं घेतली, तर सात जमिनींचं ओझं त्याच्या गळ्यात पडेल, अशीही एक हदीस आहे. ती नानांनी मला कधी सांगितली नाही. मी पुढे स्वतः वाचली.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो तेव्हा ढग भरून आले होते आणि खाडीचं पाणी शिशासारखं दिसत होतं. नानांनी गोष्ट पुढे नेली. शामकडून, म्हणजे सीरियाकडून, धान्य विकायला आलेला एक नबती शेतकरी बाजारात कअबचा पत्ता विचारत होता. त्याच्या हाती गस्सानच्या राजाचं पत्र. तुझ्या माणसांनी तुला टाकलंय असं ऐकतो, आमच्याकडे ये, आम्ही तुझा मान राखू. कअबनं ते पत्र तंदुरात घातलं. ही आणखी एक सावली त्याच्यापुढे आली होती, आधीच्यापेक्षा थंडगार, आणि या वेळी तो भुलला नाही. चाळीस दिवस झाले तेव्हा तिघांना बायकांपासूनही दूर राहायचा निरोप आला. हिलाल म्हातारा, त्याचं करायला कुणी नाही, म्हणून त्याच्या बायकोनं सेवेपुरती परवानगी मागून घेतली. कअबनं बायकोला माहेरी धाडलं. एवढी मोठी पृथ्वी या तिघांना अपुरी झाली, असं कुराण सांगतं. खजुरी त्याच होत्या, सावली तीच होती.

पन्नासाव्या दिवशी पहाटे कअबनं फजरची नमाज घराच्या धाब्यावर पढली आणि तिथेच बसून राहिला. मशिदीच्या वायव्येला सलअ नावाची टेकडी आहे. आता शहर तिच्याभोवती दाटलंय, तेव्हा ती मोकळी असणार. त्या टेकडीवरून कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं, कअब, खूशखबर! कअबनं काही विचारलं नाही. तौबा कबूल झाली हे तो समजला आणि तिथल्या तिथे सजदा केला. खबर द्यायला एक जण घोड्यावरूनही निघाला होता, पण आवाज घोड्याच्या आधी पोचला. ओरडणारा माणूस समोर आला तेव्हा कअबनं अंगावरचे दोन्ही कपडे उतरून त्याला देऊन टाकले. दुसरे नव्हते. उसने मागून नेसला आणि मशिदीकडे निघाला. वाटेत लोकांचे घोळकेच्या घोळके भेटून मुबारकी देत होते. मशिदीत शिरल्यावर तल्हा बिन उबैदुल्लाह जागचे उठून धावत आले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. तल्हांचं ते उठणं कअब मरेपर्यंत विसरला नाही. पैगंबरांचा चेहरा आनंदानं चंद्राच्या तुकड्यासारखा उजळला होता, तेही त्यानं सांगून ठेवलंय.

पन्नास दिवस माणसाशी कुणी न बोलल्यावर माणसाच्या आवाजाला काय मोल येतं, ते या हकीकतीत आहे. म्हणून मला ही तौबेची गोष्ट गझालींच्या गोष्टीपेक्षा जवळची. इमाम गझाली मोठे, प्रश्नच नाही. 1095 साली बगदादच्या निजामिया मदरशातली मानाची जागा, शेकड्यांनी विद्यार्थी, आणि एक दिवस जीभच अडली, शिकवताना शब्द फुटेना. सगळं टाकून ते दमास्कसला गेले आणि तिथल्या मशिदीच्या मिनारात दिवस दिवस दार लावून बसत. पण गझालींना मोठ्या शंकांनी गाठलं होतं. कअबला नुसत्या आळसानं. आपल्याला शंका फार मोठ्या पडत नाहीत. आळस पडतो. तरी गझालींनीही प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की मुलाबाळांच्या हाकांनी त्यांना घराकडे ओढलं. मिनारातूनही माणूस खाली येतो.

सावली म्हटलं की मला हजरत यूनुसही आठवतात. कौमेवर रागावून निघाले, आणि रात्रीचा अंधार, समुद्राचा अंधार, माशाच्या पोटाचा अंधार, एवढ्यांच्या आत त्यांनी चूक कबूल केली. माशानं त्यांना उघड्या किनाऱ्यावर टाकलं तेव्हा ते आजारी होते आणि त्यांच्यावर अल्लाहनं एक वेल उगवला, भोपळ्याच्या जातीचा. आमच्याकडे पहिल्या पावसात मांगराच्या कौलांवर चढतो तसला असेल, रुंद पानांचा, लवदार. पोटातून बाहेर आलेल्या माणसाला प्रवचन नाही केलं. आधी डोक्यावर पान धरलं. मग पुन्हा त्यांना त्याच माणसांकडे पाठवलं, ज्यांना सोडून ते निघाले होते.

आणि तो उंटवाला. त्याची हदीस नाना फार रंगून सांगत. निर्जळी वाळवंटात एकाचा उंट सुटला. खाणंपिणं सगळं उंटावर. शोधून शोधून थकला, आशा सोडली आणि मरायला म्हणून एका झाडाच्या सावलीत आडवा झाला. पाहतो तर उंट समोर उभा. त्यानं वेसण धरली आणि आनंदाच्या भरात त्याच्या तोंडून उलटंच निघालं: अल्लाह, तू माझा बंदा, मी तुझा रब! बंदा तौबा करतो तेव्हा अल्लाहला याहून जास्त आनंद होतो, असं पैगंबर म्हणाले. नाना हे सांगताना दरवेळी हसत आणि दरवेळी चष्मा काढून पुसत. जिथे दुसरी सावलीच नसेल त्या दिवशी सात प्रकारच्या माणसांना अल्लाहची सावली मिळेल; त्यांतला एक, एकटा असताना अल्लाहच्या आठवणीनं ज्याचे डोळे भरून आले तो. ही हदीस मात्र ते हसत सांगत नसत.

डोळे भरून येण्यानं सगळं फिटत नाही, हेही आमच्या गावच्या मुल्लाजींनी कित्येकदा सांगितलेलं. अल्लाहचं देणं अल्लाह माफ करील. माणसाचं देणं माणसाला परत करावं लागतं, मगच तौबा पुरी.

एकोणतिसाव्या रोजाला आभाळ भरलेलं होतं. खाडीच्या तोंडाशी, पश्चिमेला, ढग तेवढे फाटले आणि तिथे चंद्राची कोर दिसली, धक्क्यावरच्या पोरांना आधी. ओरडाआरडा झाला. नानांनी चादर सोडली, घडी केली, वळकटी माझ्या डोक्यावर दिली आणि उंबरा ओलांडला. नऊ दिवसांनी घरी येणार म्हणून नानी दारात उभी होती. नाना आमच्या दारावरून पुढे गेले. मी वळकटी घेऊन मागे. धाकट्या नानांच्या अंगणात उभं राहून त्यांनी सलाम केला.

आतून उत्तर यायला वेळ लागला. कंदिलाची वात वर झाली, खुंटीवरची टोपी काढल्याचं दिसलं, मग उत्तर आलं.

पुढे दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. मला पुरणपोळ्यांचं आमिष दाखवून आत पाठवलं होतं. ईदच्या तिसऱ्या दिवशी गड्यांनी गडग्याचे चिरे उतरवायला घेतले. अर्ध्यावर पाऊस कोसळला आणि उरलेलं काम चार महिने तसंच राहिलं, त्या भगदाडातून आम्ही पोरं इकडून तिकडे करत होतो. दसऱ्याच्या सुमाराला गडगा दोन हात अलीकडे, जुन्या जागी, पुरा झाला.

दोघेही आता कबरस्तानात आहेत, एकाच ओळीत. फणस धाकट्या नानांच्या हद्दीत आहे आणि अजून धरतो. दुपार कलली की त्याची सावली आमच्या परड्यात येते.